बाजूच्या सीटला ब्रेक नसतो

मेधाच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा मेसेज आला तेव्हा मी सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या माझ्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. ‘मेधा सकाळी गेली. दुपारी घरी आणतोय.’ एवढंच. मी फोन उलटा ठेवला, समोरच्या माणसाला त्याचं बोलणं पूर्ण करू दिलं, पुढच्या आठवड्याची कामं कोण बघणार ते ठरवलं आणि मग उठले. कुणाला हे विचित्र वाटेल. मेधाला वाटलं नसतं. घराकडे, टॅम्पिनीसला जाणाऱ्या एमआरटी ट्रेनमध्ये बसायला जागा होती, तरी मी दाराशी उभी राहिले. आमच्या तिसऱ्या मैत्रिणीला, उज्ज्वलाला फोन कुणी करायचा, मेधाच्या लेकीच्या, सईच्या शाळेत कुणी जायचं, घरात चहासाखर आहे का, असलेच विचार डोक्यात होते. रडू आलं नाही. थकवा मात्र असा आला होता, की कुणीतरी आता खांद्यावरची बॅग काढून घ्यावी.

त्याला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात इथल्या मराठी मंडळींनी एक शोकसभा घेतली. ‘झुंज’ हा शब्द तिथे इतक्या वेळा आला की शेवटी शेवटी मी छताचे पंखे बघत बसले. मेधा झुंजली वगैरे नाही. तिने औषधं घेतली, ती दमली, चिडली, बरी झाली, पुन्हा आजारी पडली, पुन्हा दमली. आम्हीही दमलो. त्या सभेत कुणीच तिच्या गाडी चालवण्याबद्दल बोललं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मेधा कराडकडची. वडिलांची भाड्याने द्यायची जीप होती. लायसन्सचं वय व्हायच्या आधीच ती घाटात त्या जीपवर गाडी शिकली. पुढे इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी केली आणि सॉफ्टवेअर कंपनीने सिंगापूरला पाठवल्यावर आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले वर राहायला आली. इथे गाडी विकत घेण्याच्या परवान्यालाच गाडीहून जास्त पैसे पडतात, त्यामुळे आमच्यासारख्यांपैकी कुणाकडेच गाडी नसते आणि कुणाचं काही अडतही नाही. मेधाचं अडायचं. सिंगापूरबद्दल तिची ही एकच तक्रार. दर शनिवारी आम्ही दोघी बसने बेडोकच्या हॉकर सेंटरला, तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर जायचो. तिथे उज्ज्वला यायची. ती नागपूरची, एका प्रयोगशाळेत संशोधक. डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची, बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावरची सीट मेधाची. तिथे बसून ती बस चालवायची. म्हणजे डावा हात गुडघ्यावर ठेवून गिअर टाकायची. “अगं, या बसला गिअर नसतात,” मी एकदा म्हटलं. “त्याच्या बसला नसतील,” ती म्हणाली.

मग तिचं ऑपरेशन झालं. कॅन्सरचं, डाव्या बाजूचं. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला सूज यायची, म्हणून बोटांपासून दंडापर्यंत घट्ट कातडीरंगाची बाही दिवसभर घालावी लागे. या हाताने ओझं उचलायचं नाही, ताण द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरच्यांनी आणि आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की मेधाने काहीच करायचं नाही. श्रीकांत तिच्या हातातली पाण्याची बाटलीसुद्धा काढून घ्यायचा. लिफ्टचं बटण सई दाबायची. ऑफिसात तिची मोठी कामं गोड बोलून दुसऱ्यांकडे गेली. “शोकेसमधली बाहुली केलीय माझी,” ती म्हणायची, “आणि वर विचारतात, बरं वाटतंय ना?” वर्षभराने एका शनिवारी तिने जाहीर केलं की आपण तिघी स्पेनला जायचं. बार्सिलोनापासून थेट काडिझपर्यंत, समुद्राच्या कडेकडेने. “आणि गाडी मी चालवणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही दोघींनी नुसतं बसायचं.”

“स्पेनच काहून?” उज्ज्वलाने विचारलं. त्यावर मेधा समुद्र, ऊन, संत्री यांच्याबद्दल एखाद्या ट्रॅव्हल एजंटसारखं बोलत राहिली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण समुद्र तर टॅम्पिनीसहून बसने गाठता येतो. पण परत आल्या आल्या तिची मोठी तपासणी होती. त्यातून काय निघू शकतं हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. त्याच्या आधी एक गोष्ट तिला कुणाच्या मदतीशिवाय पुरी करायची होती, इतका साधा मामला होता. श्रीकांत खाली माझ्याकडे आला. “शुभाताई, तिच्या हाताचं तुम्हाला माहितीये. तुम्ही तरी समजवा.” मागे सई उभी होती. ती म्हणाली, “नो पॉइंट लाह, बाबा. शी ऑलरेडी डिसायडेड.” मी श्रीकांतला सांगितलं की दुसरी ड्रायव्हर म्हणून माझं नाव लावते. माझ्याकडे लायसन्स होतं, एवढंच. पुणं सोडल्यापासून मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

ही २०१०च्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. बार्सिलोनाला भाड्याची गाडी ताब्यात घेतली. गिअरची, कारण ऑटोमॅटिकला मेधा ‘वॉशिंग मशीन’ म्हणायची. किल्ली हातात आल्यावर तिने पर्समधून चार लिंबं काढली आणि एकेका चाकापुढे ठेवली. काउंटरवरचा तरुण बघतच राहिला. उज्ज्वला भडकली. ती बौद्ध घरातली, तिच्या आजोबांनी देव्हारा उचलून बाहेर ठेवला होता. “हे बघ मेधा, अंधश्रद्धेवर चालणाऱ्या गाडीत मी नाही बसत जा.”

“श्रद्धा नाही गं बाई, सवय आहे. बाबा जीप काढताना ठेवायचे.”

“तुझे बाबा इंजिनिअर नव्हते. तू कॉम्प्युटर शिकलीस.”

वाद बराच रंगला. शेवटी आम्ही बसलो, मेधाने गाडी सुरू केली आणि तेव्हा लक्षात आलं की गाडीचं तोंड भिंतीकडे आहे. निघायचं ते मागे. लिंबं पुढे. तीन शिकल्यासवरल्या बायकांपैकी एकीच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. मेधा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. उज्ज्वला खाली उतरली, वाकून चारही लिंबं उचलली आणि चाकांच्या मागे नीट लावून परत येऊन बसली. “चल आता. आणि कोणाला सांगशील तर बघ.”

मेधाने उजवा हात गिअरवर ठेवला. त्या देशात रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात, त्यामुळे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि गिअर उजव्या हाताला येतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“म्हणून स्पेन?”

“जर्मनीही चाललं असतं,” ती म्हणाली. “पण तिथे थंडी असते.”

पुढचे दिवस मजेचे होते असं मी म्हणणार नाही. दमवणारे होते. इंडिकेटरचा दांडा इथल्यापेक्षा उलट्या बाजूला, त्यामुळे वळण आलं की मेधाच्या सवयीने वायपर सुरू व्हायचे. रखरखीत उन्हात कोरड्या काचेवर वायपर करकरताहेत आणि मागून लोक हॉर्न मारताहेत, असे आम्ही गावागावांतून गेलो. माझं काम प्रत्येक चौकाआधी “उजवीकडे” असं ओरडायचं. त्याखेरीज मी आपणहून आणखी एक काम घेतलं होतं. समोर ट्रक दिसला की माझा उजवा पाय पायाखालच्या मॅटवर जोरात दाबला जायचा. “शुभा,” मेधा रस्त्यावरची नजर न काढता म्हणायची, “बाजूच्या सीटला ब्रेक नसतो.” दुपारी गावंच्या गावं बंद, खायला मिळेना, मग सावलीत गाडी लावून आम्ही संत्री खात बसायचो. समुद्र सतत डावीकडे, तिच्या बाजूला. तोही पहिल्या दोन दिवसांनंतर आपला समुद्रासारखा समुद्र. अलमेरियाच्या आसपास तर डोंगराच्या पायथ्यापासून पाण्यापर्यंत भाजीपाल्याचे प्लॅस्टिकचे मांडव पसरले होते. “हे बघायला आलो होय आपण?” उज्ज्वला म्हणाली. मेधाला कशाचंच काही वाटत नव्हतं. ती चालवत होती. कुणी तिच्या हातातून काही काढून घेत नव्हतं... संध्याकाळी हॉटेलात पोहोचली की बूट न काढता झोपायची, पण सकाळी किल्ली तिच्याच उशाशी असे.

अलमेरियाच्या पुढे रस्ता कड्याच्या अंगाने वळणं घेत जातो. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. तिथे दुपारी मेधाने अचानक गाडी कडेला घेतली आणि बंद केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. अंगात ताप असावा. बराच वेळ ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. तिला काय सोडावं लागत होतं ते आम्हाला दिसत होतं. त्यावर बोलून ते काही हलकं झालं नसतं.

“घे,” ती शेवटी म्हणाली आणि उतरून माझ्या बाजूला आली.

मी घेतली, आणि गाडी जागेवरच गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे गाड्या साठायला लागल्या. माझा उजवा हात गिअरवर नुसता ठेवलेला होता. जन्मभर हे काम डाव्या हाताने केलेलं, त्याला काही सुचेना. तेव्हा माझ्या हातावर मेधाचा हात आला. डावा. बाही घातलेला, सुजलेला, गरम. “क्लच दाब,” ती म्हणाली. “पूर्ण. आता सोड हळू.” आणि तिने माझ्या हातासकट गिअर टाकला. गाडी निघाली. मग दुसरा, मग तिसरा. तिला बघावंही लागत नव्हतं. घाटात जीपवर शिकला होता तो हात. उजव्या हाताला ती इतके दिवस शिकवत होती, याला शिकवायची गरज नव्हती. “उतार आहे, दुसऱ्यात ये.” येत होते. डॉक्टरांचं मला आठवत होतं, पण तिला ‘हात काढ’ म्हणाले नाही. एक तर मला तिच्याशिवाय गाडी चालवता आली नसती. आणि दुसरं म्हणजे... दुसरं काही नाही, तो हात तिचा होता. मागे उज्ज्वला अर्धं सोललेलं संत्रं हातात धरून बसली होती. एका वळणावर समोरून बस आली आणि माझ्या शेजारी धप्प आवाज झाला. मेधाचा पाय मॅटवर.

“बाजूच्या सीटला ब्रेक नसतो,” मी म्हटलं.

ती खोकला येईपर्यंत हसली.

आम्ही मालागाला पोहोचलो. दोन दिवस ती झोपून होती, मग गाडी तिथेच परत केली. काडिझ राहिलं ते राहिलंच. चांगी विमानतळावर श्रीकांत आणि सई घ्यायला आले होते. “चालवलीस पूर्ण?” त्याने विचारलं. “मालागापर्यंत,” मेधा म्हणाली. “शेवटचं डाव्या हाताने.” त्याला काही कळलं नाही. त्याने लगेच तिची बॅग घेतली. तिने घेऊ दिली.

तपासणीत जे निघायचं ते निघालं. त्यानंतरची वर्षं तिची आणि आमची दवाखान्याच्या खुर्च्यांवर गेली. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. शेवटचं भेटले तेव्हा तिचा पलंग हॉलमध्ये खिडकीशी आणला होता. हात उशीवर होता. बाही काढून टाकली होती, आता तिचा उपयोग नव्हता. मी संत्रं सोलत होते, ते ती खाणार नव्हती हे दोघींनाही माहीत होतं. “शनिवारी जाता की नाही बेडोकला?” तिने विचारलं. नाही जात, असं मी खरं सांगितलं. “जात जा की. घरी बसून काय दिवे लावताय?” थोड्या वेळाने म्हणाली, “वर बस. पुढे.”

गेल्या शनिवारी गेले. वरच्या मजल्यावर पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या होत्या. मी नेहमीसारखी डावीकडे बसले. पुढच्या स्टॉपवर भाजीच्या पिशव्या घेतलेली एक चिनी आजीबाई जिना चढून आली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सीटकडे बोट दाखवून म्हणाली, “समबडी सिटिंग ऑर नॉट?” मी म्हटलं, नो, सिट सिट. ती बसली. पिशव्या मांडीवर घेऊन तिने डोळे मिटले. पुढे सिग्नल लाल होत होता, बस काही वेग कमी करेना. माझा उजवा पाय खाली जोरात दाबला गेला. आजीबाईने डोळे उघडून माझ्या पायाकडे पाहिलं, पण ती काही म्हणाली नाही.