गिअरबॉक्सखालची चुंबळ
काल कपाटात तेलाचे डाग पडलेली जुनी सुती साडी सापडली. अपघातात तुमच्या आजोबांचा डावा पाय अधू झाला, म्हणून त्यांनी क्लच नसलेली, ऑटोमॅटिक परदेशी गाडी घेतली होती. बोरिवलीला आमच्या इमारतीच्या आवारात मालवणी मेकॅनिकने तिचा गिअरबॉक्स उतरवला. "वयनी, खालचो पत्रो चेपलो तर दुसरो हय गावाचो नाय," तो म्हणाला; तसा पत्रा इथे मिळणारच नव्हता. डोक्यावर हंडा घेताना करतात तशी मोठी चुंबळ मी त्या साडीची करून दिली. तिच्यावरही गिअरबॉक्स डुलायला लागला, तेव्हा आजोबा जमिनीवर बसले आणि काम संपेपर्यंत दोन्ही हातांनी त्याला धरून राहिले. अपघातापासून ते कुणाचा आधार घेत नसत. त्या दिवशी मात्र मेकॅनिकपुढे हात करून म्हणाले, "आता मलाही उचल रे." माझ्यासमोर त्यांना संकोच नको, म्हणून मी चहाचं निमित्त करून घरात गेले. आज वाटतं, तिथेच थांबले असते तरी चाललं असतं.