एक इकडचा, एक तिकडचा

आमच्या मंडळीत कुणी वारलं की चर्चची घंटा वाजते, आणि माणूस जितक्या वर्षांचा तितके टोल पडतात. दोरी ओढणारा मोजतो आणि घराघरांत बायकाही हातातलं काम थांबवून मोजतात. पन्नासच्या आत टोल थांबले की 'अगं बाई' असं तोंडातून निघतं. ऐंशीच्या पुढे गेले की पुन्हा भाकरी थापायला लागतात.

घंटेच्या खोलीची किल्ली आमच्याकडे असायची, कारण आमचं घर चर्चच्या आवाराला लागून. आधी ती सासऱ्यांकडे होती, मग नवऱ्याकडे, तो गेल्यावर माझ्याकडे आली. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या मैत्रिणीचा नवरा दारात येऊन उभा राहिला. ती पहाटे गेली होती. अठ्ठावन्न टोल द्यायचे होते. मी म्हणाले, "किल्ली कमिटीकडं हाय. त्यांना विचारा." किल्ली माझ्या पाठीमागे खिळ्याला लटकत होती. तो 'बरं' म्हणाला आणि गेला. घंटा वाजली नाही.

हे असं का झालं ते सांगायला बसले की मला आमच्या लोकांचा संताप येतो, आणि त्या लोकांत मीही आलेच. आमच्या सगळ्या चर्चचा कारभार बघणारी जी वरची सभा आहे, तिच्यात आधी फूट पडली. ती झिरपत झिरपत खाली आमच्या बाकांपर्यंत आली. पाळकांची बदली हे निमित्त झालं, आणि मग चर्चचे खरे ट्रस्टी कोण यावर खटला उभा राहिला. निकाल लागेपर्यंत दोन्ही गटांनी वेगवेगळ्या वेळी उपासना करावी असं ठरलं. झालं! एकाच इमारतीत, त्याच बाकांवर, सकाळी आठला आम्ही आणि संध्याकाळी पाचला ते. सकाळचे आणि संध्याकाळचे. प्रभुभोजनाचे पेलेसुद्धा दोन कपाटांत, दोन कुलपांत. ज्याने शत्रूवर प्रीती करा म्हणून सांगितलं त्याच्या मेजावरची भांडी आम्ही एकमेकांपासून कुलपात ठेवली. त्या वेळी यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

मैत्रीण संध्याकाळची होती. म्हणजे तिचा नवरा होता, म्हणून ती. तिला विचारलं असतं तर ती दोन्ही वेळेला आली असती. फुटीआधी तीस वर्षं आम्ही शेजारी उभ्या राहून गायलो. ती माझ्या डाव्या हाताला. दोघींत एकच गीतपुस्तक, कारण तिचा चष्मा कायम घरी राहिलेला असायचा. ती खालचा सूर धरायची आणि माझा वरचा सूर भरकटला की कोपराने ढोसायची.

ती मला दिसते वगैरे मी म्हणणार नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला. पण गीतपुस्तक अजून मी डावीकडे कलतं धरते, आणि पान उलटायच्या आधी थोडी थांबते. आणि कुठे काही एका लयीत वाजायला लागलं की मी मोजायला लागते. शिवाजी पेठेत एकदा डबे ठोकणाऱ्याच्या दुकानासमोर मी अशी उभी राहिले की त्याने हातोडी खाली ठेवून विचारलं, "काय पायजे बाई?" मी काही नको म्हणाले. तेव्हा मोजणी एकेचाळीसवर होती. उरलेले सतरा टोल दिवसभर डोक्यात राहिले. मला भीती वाटायची, अगदी उघड सांगते, की ती मरताना माझ्यावर रागावून गेली.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक तरुण पाळक तात्पुरते आले. हे काही टिकत नाहीत, असं दोन्ही गटांना वाटलं, म्हणून दोन्ही गटांनी त्यांना चालवून घेतलं. महिनाभर ते काहीच बोलले नाहीत. मग एका रविवारी सकाळी आम्हाला आणि संध्याकाळी त्यांना, त्याच शब्दांत म्हणाले, "खटला चालू दे. पण गावोगावची आपली जी घरं हायत, तिथं कुणी गेल्याला किती वर्षं झाली?" कुणालाच सांगता येईना. सकाळच्यांना वाटत होतं संध्याकाळचे जातात आणि संध्याकाळच्यांना वाटत होतं सकाळचे.

प्रभूने शिष्यांना दोघं दोघं करून पाठवलं, तसं आपणही जायचं, असं त्यांनी ठरवलं. फक्त जोडीत एक इकडचा, एक तिकडचा. संध्याकाळच्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या दानाच्या पिशवीत घातल्या. मी हात घातला आणि मैत्रिणीच्या नवऱ्याचं नाव निघालं. पूर्वी मी त्याला दाजी म्हणायचे. फुटीनंतर काहीच म्हणत नव्हते. चिठ्ठी परत टाकावी असं मनात आलं, पण पाळकसाहेब बघत होते.

आम्हाला मलकापूरच्या अलीकडचं एक गाव आलं. शनिवारी सकाळी एसटीत तो पुढच्या बाकावर बसला, मी मागच्या. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या, दोन तास गेले. तो एकदा मागे वळला आणि म्हणाला, "खिडकी लावा, धूळ येतीया." एवढंच बोलणं झालं.

गावात एके काळी आमची चौदा-पंधरा घरं होती. पोरं पुण्याला, इचलकरंजीला गेली. एक म्हातारी राहिली होती, आणि कौलारू प्रार्थनाघर. आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थनाघर झाडलेलं होतं. चटई अंथरलेली होती. म्हातारी दारात येऊन 'सलाम' म्हणाली आणि आम्ही काल येऊन गेल्यासारखं चहाचं आधण ठेवायला वळली. दर रविवारी ती एकटीच चटई घालून बसते, पाठ असलेलं एक स्तोत्र म्हणते, प्रार्थना करते आणि चटई गुंडाळते. मी विचारलं, "एकटीच?" ती म्हणाली, "येकटी कशी? तुमी समदी तिकडं बसलेली असताय की त्याच वक्ताला."

मी चहाचा कप खाली ठेवला. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. खटल्यात आपली बाजू मोठी दाखवायला दोन्ही गटांनी सभासदांच्या याद्या दिल्या होत्या, आणि दोन्ही याद्यांवर या म्हातारीचा अंगठा होता. दोन्ही गटांचे लोक एकेकदा आले, शाई लावली आणि गेले. चहासुद्धा घेतला नसेल.

फुटीआधी आम्ही दोघी इथे गायला यायचो. तिने मला विचारलं, "आन् ती कुठं हाय? तुझ्यासंगं गाणारी? उन्हाळ्यात पोरांना शिकवाय यायची ती?"

तो बाहेर बघायला लागला. मीच म्हणाले, "गेली, आजी. चार वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं न्हाय." म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "घंटा दिली असंल की. लई मायेचं माणूस."

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. पण त्या झाडलेल्या जमिनीवर बसून मला आणखी एक खोटं बोलवेना. मी म्हणाले, "न्हाय दिली. किल्ली माझ्याजवळ होती. मी दिली न्हाय."

"का?"

वकिलासमोर मी याच प्रश्नाचं दोन पानी उत्तर लिहून दिलं होतं. इथे एकच वाक्य निघालं, "ती संध्याकाळची होती."

"म्हंजी?"

मी तिला फुटीचं सांगितलं. ट्रस्टी, दोन वेळा, दोन कपाटं, दोन याद्या. तिने सगळं ऐकून घेतलं, आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, "मग मी कुठली?"

त्याने हात जोडले आणि प्रार्थना केली, म्हणजे सुरू केली आणि मध्येच त्याचा आवाज गेला. उरलेली मी केली. म्हातारीने मोठ्यांदा आमेन म्हटलं.

तेव्हापासून आम्ही दर महिन्याला जातो. बाकीच्या जोड्याही जातात. राधानगरीकडच्या एका गावात तर इकडच्या-तिकडच्यांनी मिळून गळकं प्रार्थनाघर शाकारलं, आणि आल्यावर एकमेकांच्या घरी जेवले, जे फुटीपासून घडलं नव्हतं. खटला चालूच आहे. पण पेल्यांची कपाटं आता उघडी असतात आणि मरणाची घंटा दोन्हीकडच्यांसाठी वाजते. लोक म्हणतात मंडळी जिवंत झाली. झालीच आहे, मी नाही म्हणत नाही.

पण त्या पहिल्या दिवशी परतताना काय झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. मी त्याला म्हणाले, "दाजी, मला माफ करा. किल्ली खिळ्याला होती."

"दिसलती मला," तो म्हणाला.

"मग बोलला का नाही?"

तो म्हणाला, "बाई, जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली हुती, घंटंचं माझ्या मैतरणीला इचारू नगा. तिला न्हाय म्हणावं लागंल, आन् मग ती जलमभर झुरंल. तरीबी मी आलो. आमच्या कमिटीनं सांगितलतं, जा, नकार दिला की कोर्टात लिवून देता येतंय. कोपऱ्यावर दोन साक्षीदार उभं केलतं. तुमी न्हाय म्हणावं म्हणूनच मी आलतो."

माझ्या तोंडात शिवी आली. त्याच्या तोंडाकडे बघून ती तिथेच राहिली, कारण ती दोघांनाही लागू होती. तो रडत होता, भर रस्त्यात, ट्रॉलीवाले बघत असताना.

ती रागावून गेली नव्हती. चार वर्षं मी जिच्या रागाला भ्याले, ती जाता जाता माझीच काळजी करत होती. हे कळल्यावर ती माझा पिच्छा सोडेल असं वाटलं होतं. रागावलेल्या मैत्रिणीची हातापाया पडून समजूत काढता येते. हिला काय म्हणू, ते मला अजून सुचलेलं नाही.