कल्याणप्पांची माफी

लोहाऱ्यात तेलाचा घाणा चालवणारे कल्याणप्पा साहेब दिसला की आधी डोक्याचा रुमाल काढायचे, मग विचार करायचे. निजामाच्या राजवटीत त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. बैल वेठीला धरले, ठेवा रुमाल पायावर. भावाला चावडीत कोंडलं, म्हणा 'चुकलं मायबाप'. गुन्हा केला की नाही, हे तेव्हा विचारत होतं कोण? माफी मागितली की माणूस सुटायचा, आणि म्हाताऱ्याला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

राज्य बदललं. बावन्न साली धान्याच्या कोठारावर मोर्चा गेला, कोठार पेटलं, आणि आठवड्याच्या आत त्यांच्या मल्लिकार्जुनाला खटला न भरताच गुलबर्ग्याच्या तुरुंगात डांबलं. पोरगा मोर्चाच्या दिवशी बेंबळीला बहिणीकडं होता. धाराशिवच्या वसंतराव वकिलांनी हैदराबादच्या हायकोर्टात अर्ज केला.

"कोर्ट सरकारला म्हणेल, माणूस आमच्यापुढं हजर करा आणि का कोंडलाय ते सांगा," त्यांनी समजावलं. "मल्लिकार्जुन मोर्चात नव्हताच, यावर सगळं उभं आहे. तुम्ही फक्त गप्प बसा, कल्याणप्पा."

बापाला गप्प बसणं कसं जमावं! महिन्याभरात जिल्ह्याचे मोठे साहेब लोहाऱ्याला मुक्कामी आले. कल्याणप्पांनी भर चावडीत त्यांच्या पायावर रुमाल ठेवला.

"सायब, पोरगं चुकलं. पुन्ना मोर्चात जानार न्हाय. पदरात घ्या."

साहेबांनी त्यांना हाताला धरून उठवलं, चहासुद्धा पाजला. म्हातारा हरखून घरी आला. सुनेला म्हणाला, "महानंदा, आता सुटतंय बघ."

हायकोर्टात सरकारी वकिलानं नेमकं तेच पुढं केलं. मुलगा मोर्चात होता, हे बापच कबूल करतोय! अर्ज फेटाळला गेला. वसंतरावांनी कपाळाला हात लावला.

कल्याणप्पा तुरुंगात भेटीला गेले, तर मल्लिकार्जुन पार वाळून गेला होता.

"आप्पा, म्या बेंबळीला व्हतो. तुमाला ठावं व्हतं."

"ठावं व्हतं की, बाळा."

"मंग?"

"माफी मागितल्याबिगर कोन सोडतंय?"

पोरगा उठून आत गेला. पुढच्या खेपेला तर 'भेट नको' असा त्यानं शिपायाहाती आतूनच निरोप धाडला. सवयीनं कल्याणप्पांचा हात रुमालाकडं गेला, आणि जन्मात पहिल्यांदा तिथंच थांबला.

"माफी मागत न्हाय, शिपाईदादा," ते म्हणाले. "माजा मानूस तेवढा माज्यापुढं हजर करा."

शिपाई आत गेला आणि थोड्या वेळानं एकटाच परत आला.