आर्चची काळी वायर

वीज तोडणारा ब्रेकर सातव्यांदा पडला तेव्हा ग्लेनिस टॅव्हनर गाडीखाली उताणी पडलेली होती. 'टक्' असा तो बारीक आवाज तिला कानापेक्षा दातांत जास्त जाणवला.

"पडला गं," बाहेरून बेव्ह म्हणाली.

"कळलं."

"नाही, तुला तिथून दिसत नसेल म्हणून म्हटलं."

"बेव्ह, कळलं मला!"

डोरिगोच्या आमच्या पठारावर गाड्यांच्या विजेचं काम करणारी ग्लेनिस एकटीच. वय एकसष्ट. गुडघे गेलेले, डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. वडिलांच्या मागे त्यांची शेड तिच्याकडे आली, आणि शेडबरोबर त्यांची हत्यारं, त्यांची किटली, त्यांची खुर्ची. खुर्चीवर ती बसत नाही. उभ्याउभ्या बीटरूटचं सँडविच खाते आणि खाताना समोरच्या गाडीकडे अशी बघते, जसं काही गाडीनंच तिला फसवलंय.

त्या दिवशी समोर बेव्हर्ली स्कॅमेलची नवी गाडी होती आणि तिच्यामागे घोडा न्यायचा जुना ट्रेलर. ट्रेलर रिकामा होता. ज्या घोडीला त्यात चढवायचं होतं ती शेडमागच्या कुंपणाला बांधलेली होती, एका डोळ्यावर पट्टी. घोडीचं नाव पिकल. डोळ्यात जखम होऊन ती चिघळली होती. इथल्या डॉक्टरनं सकाळी हात टेकले होते: आज संध्याकाळपर्यंत घाट उतरून किनाऱ्यावर कॉफ्स हार्बरला शस्त्रक्रिया झाली नाही तर डोळा गेला म्हणून समजा. आणि दरड कोसळलेल्या घाटाचं काम सुरू व्हायचं होतं, म्हणून दुपारी तीनपासून रस्ता दहा दिवस बंद. दुसऱ्या वाटेनं जायचं तर खड्डे आणि वळणं, त्यात घोडी उभी राहायची नाही.

ब्रेक नसलेला ट्रेलर, आत पाचशे किलोची घोडी, आणि तो घाट. असा विचारही आमच्याकडे कोणी करत नाही.

बेव्हची आधीची गाडी होती तेव्हा ट्रेलरच्या ब्रेकचं यंत्र गाडीतच, गुडघ्यापाशी बसवलेलं होतं. नव्या गाडीच्या विक्रेत्यानं बजावलं होतं, पुढच्या डॅशबोर्डला भोक पाडलंत तर आमची हमी संपली. म्हणून बेव्हनं वायरलेस यंत्र आणलं. पेटी ट्रेलरच्या दांड्यावर बसते, ट्रेलरच्या आधीच्याच जोडणीत खोचायची, गाडीत हातानं ब्रेक लावायला नुसतं एक बटण राहतं, दोघं आपसांत हवेतून बोलतात.

"वायरलेस म्हणे," ग्लेनिस सकाळी म्हणाली होती. "आणि याला मी बॅटरीपासून मागच्या प्लगपर्यंत सहा मीटर वायर ओढायची. अंगठ्याएवढी जाड."

"मग वायरलेस कशाला म्हणतात?"

"विकायला."

पेटीला वीज गाडीकडूनच लागते, त्यामुळे ही वायर चुकत नाही. काम सुरू करण्याआधी ग्लेनिसनं बेव्हला तो प्रश्न विचारला होता जो ती पठारावर प्रत्येकाला विचारते.

"ट्रेलर आपला की खालचा?"

"आपला, मग कोणाचा? आर्चनंच केलंय ना सगळं."

या प्रश्नाची गोष्ट सांगायला हवी. ग्लेनिसचे वडील आर्च टॅव्हनर गाड्यांचे मिस्त्री. गाडीत काळी वायर अर्थिंगची, सांगाड्याला जोडायची. ट्रेलरच्या प्लगचा कायदा वेगळा आहे: तिथं अर्थिंगची पांढरी, आणि काळीतून वीज जाते. आर्चनं पहिला ट्रेलर केला तेव्हा कायदा वाचलाच नाही. हाताला सवय होती तसं केलं, काळी सांगाड्याला. दुसराही तसाच. पठारावरच्या गाड्याही त्याच्याच हातच्या, त्यामुळे गाडी आणि ट्रेलर एकमेकांना बरोबर ओळखत. चूक दोन्हीकडे सारखीच असली की दिवे लागतात.

ग्लेनिस वीस वर्षांची असताना पुस्तक घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली होती. "बाबा, आपण उलटं करतोय."

आर्चनं पुस्तकाकडे पाहिलंही नाही. "पुस्तक येणार आहे का इथं बटाटे ओढायला?"

शेडमध्ये तेव्हा तिघं शेतकरी होते, तिघंही हसले. ती पुन्हा बोलली नाही. पुढची एक्केचाळीस वर्षं तिनं दोन पद्धती डोक्यात वागवल्या. खालून, किनाऱ्याकडून आलेल्यांसाठी एक आणि आपल्यांसाठी एक. आपल्यांपैकी कोणी खालची गाडी घेतली की तिचा प्लग सोडवून आर्चसारखा करून द्यायचा. आधी ती हे नाइलाजानं करत होती. मग सवयीनं. आर्चला जाऊन चार वर्षं झाली, आता ती हे कशानं करते ते तिलाही सांगता आलं नसतं.

तर बेव्हची नवी गाडी तिनं आर्चसारखी केली. साडेअकराला ट्रेलर जोडला, आणि ब्रेकर पडला.

विचित्र गोष्ट अशी की गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची मान टेकली की ब्रेकर पडे. मान उचलून ट्रेलर नुसता प्लगनं जोडला तर पडत नसे, पण पेटीचा दिवाही लागत नसे. ग्लेनिसनं यातून एकच अर्थ काढला: ट्रेलरच्या वजनानं गाडी मागे दबते आणि दबली की वायर कुठंतरी पत्र्याला घासते. म्हणून ती गाडीखाली गेली. एकेक पट्टी सोडवली, वायर बोटानं चाचपली, पुन्हा बांधली. काही नाही. मागचा गालिचा उचकटला. काही नाही. वायरला रबराची नळी चढवली. टक्.

मग तिनं यंत्र बनवणाऱ्यांना फोन लावला. पलीकडे कोणी तरुण होता, आवाज नुकताच झोपेतून उठल्यासारखा.

"अर्थिंग तपासलंत का?"

"मी बेचाळीस वर्षं हेच करतेय."

"हो, पण तपासलंत का?"

तिनं फोन ठेवला. आपटला म्हणायला हवं, पण हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत.

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. धुकं रस्ता ओलांडून शेडच्या तोंडाशी आलं होतं. कुंपणाजवळ घोडी डोकं खाली घालून उभी होती. पट्टीखालून काहीतरी ओघळत होतं. बेव्ह तिच्या नाकावर हात ठेवून होती. बेव्ह चौऱ्याहत्तर वर्षांची, नवरा गेलेला, मुलं शहरात.

"मग ट्रेलरकडचंच बघ ना," ती म्हणाली.

"ते बाबांनी बांधलंय."

"म्हणून बघायचं नाही?"

ट्रेलरच्या प्लगला मेणाच्या दोऱ्याची गुंडाळी होती, आर्चची. शेवटची गाठ आत दडपलेली. असे दोरे ग्लेनिसनं कधी कापले नव्हते. दुसऱ्याचं काम ती आधी मीटरनं तपासते. आर्चचं ती नुसतं बघते. सकाळी तो दोरा बघितला आणि पुढे गेली होती.

तिनं खिशातला चाकू काढला आणि दोरा कापला. प्लग उघडला. कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

पांढरी सांगाड्याला होती. काळी पेटीकडे जात होती.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. सगळं उलगडलं होतं आणि त्यात जराही सुख नव्हतं. तिनं गाडीकडून पांढरीत वीज सोडली होती. ट्रेलरची पांढरी सांगाड्याला. सांगाडा गोळ्यावर टेकला की वीज सरळ गाडीच्या पत्र्यात. ब्रेकर पडणारच. गाडीखाली घालवलेले अडीच तास, आणि चूक गाडीखाली नव्हतीच.

"हे कोणी केलं?"

"सांगितलं ना, आर्चनं."

"आर्च असं करत नाही."

"केलं की. तू भावाकडे पर्थला गेली होतीस तेव्हा." बेव्ह घोडीपासून दूर झाली नाही, तिथूनच बोलली. "माझी गाडी बिघडली होती, म्हणून खालच्या एकाची मागून आणली. घाटात ट्रेलरचे दिवे गेले. असंच धुकं. मागचा ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला. परत आल्यावर मी आर्चला सांगितलं. तो त्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, पोरीनं मला विसाव्या वर्षी सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. मग त्यानं माझं दोन्हीकडचं बदलून दिलं, गाडीचं आणि ट्रेलरचं."

"आणि मला?"

"सांगतो म्हणाला. मला वाटलं, सांगितलं असेल."

"तुला सांगितलं."

"ग्लेनिस..."

"तुला सांगितलं, बेव्ह! मी रोज समोर होते. रोज चहा करून देत होते त्या माणसाला!"

तिनं चाकू फेकला. तो टायरला लागून तेलात पडला. मग ती गेली, चाकू उचलला, चिंध्यांनी पुसला, कारण दुसरा चाकू नव्हता आणि दोन वाजून तेरा मिनिटं झाली होती.

गाडीचा प्लग सोडवायला आणि दोन वायरींची अदलाबदल करायला तिला अकरा मिनिटं लागली. ट्रेलर गोळ्यावर टेकला. टक् झालं नाही. दांड्यावरच्या पेटीचा हिरवा दिवा लागला. शेडसमोर बेव्हनं गाडी चालवली, ग्लेनिसनं शेजारी बसून बटण दाबलं, आणि ट्रेलरची चाकं खडीत जागच्या जागी रुतली. याच गोष्टीसाठी सकाळपासून झगडा चालला होता, आणि आता तिला ती बघवेना.

घोडी चढायला तयार नव्हती. एका डोळ्यानं चढायची फळी दिसत नव्हती तिला. दोघींनी मागून खांदे लावले, शिव्या दिल्या, गाजर दिलं, पुन्हा शिव्या दिल्या.

"मी येते बरोबर," ग्लेनिस म्हणाली. "बटण माझ्या हातात राहील."

"परत कशी येशील? रस्ता बंद होईल."

"ते मग बघू."

घाटाच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा तीन वाजून सहा मिनिटं. आडवी दांडी पडलेली, आणि तिच्यापाशी भगव्या जाकिटात कीथ नॅंकिव्हेल. बटाट्यांच्या शेतीतून सवड मिळेल तेव्हा तो रस्त्याच्या कामावर असतो.

"तीन म्हणजे तीन, बेव्ह."

"मागे घोडी आहे, कीथ. डोळा जाईल तिचा."

"शेवटची गाडी सोडली मी. साहेब खाली उभा आहे, माझी चामडी सोलेल." मग त्याला ग्लेनिस दिसली. त्यानं ट्रेलरकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. "ब्रेकचं काम तुझं?"

"हो."

"आर्चच्या पद्धतीनं?"

तिनं अंगठा बटणावर ठेवला. "नाही. खालच्या."

कीथनं तोंड वाकडं केलं, जसं काही तिनं धर्म बदलला. पण दांडी वर केली आणि खिशातला वॉकीटॉकी तोंडाशी धरून म्हणाला, "एक अजून येतेय. घोड्यांची ॲम्ब्युलन्स आहे म्हणून सांग साहेबाला."

घाटात धुक्यापलीकडे काही नव्हतं. प्रत्येक वळणाला मागून वजन ढकलायला यायचं, आणि प्रत्येक वळणाला ब्रेक ते धरायचे, हलकेच, रागावलेल्या मुलाचा दंड धरावा तसे. ब्रेक आपोआप लागत होते, बटणाची गरज पडली नाही. तरी ग्लेनिसनं अंगठा काढला नाही. दरडीपाशी रस्ता एकपदरी झाला तिथं खाली दरी नुसती पांढरी होती, आणि तिच्या मनात पठारावरचे ट्रेलर एकामागून एक येऊ लागले: दुधाचे, लाकडांचे, मेंढ्यांचे. त्यातल्या कित्येकांच्या घरी आता नव्या गाड्या येत होत्या. ती कधी आजारी पडली, कधी मेली, तर या दोन पद्धती कोणाला माहीत असणार?

"बोल काहीतरी," बेव्ह म्हणाली.

"पुढे बघून चालव."

कॉफ्स हार्बरच्या दवाखान्यात पिकलला सव्वापाचला आत घेतलं. सातच्या सुमारास डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, डोळा राहील, नजर थोडी कमी होईल. अजून दोन तास उशीर झाला असता तर काढावा लागला असता. बेव्ह तिथल्या प्लास्टिकच्या बाकावर बसली आणि रडली. ग्लेनिस तिच्याजवळ उभी राहिली, पाठीवर हात ठेवून. पण हात कुठं आहे हे तिच्या ध्यानात नसावं.

मग बाहेर गाड्यांच्या तळावर जाऊन तिनं फोन लावला.

"कीथ, मी दुसऱ्या वाटेनं वर येतेय, तुझा ट्रेलर सोमवारी शेडवर आण. आणि तोवर दुसऱ्या कोणाच्या गाडीला जोडू नकोस."

"का? चांगला चाललाय की. आर्चनं केलेला आहे तो."

"माहीत आहे."

"मग बिघडलंय काय?"

"पहिल्यापासून चुकीचा आहे. सगळ्यांचेच आहेत."

पलीकडे कीथ हसला. "आर्च ऐकेल हं वरून."

"ऐकू दे! एकदा तरी ऐकू दे!" तिचा आवाज इतका चढला की शेजारी कुत्रं घेऊन उभा असलेला माणूस दोन पावलं सरकला.

कीथनं हसू आवरलं. "सोमवारी जमायचं नाही. सोमवारी माझे बटाटे आहेत."

"मग मंगळवारी."

"मंगळवारी पाऊस सांगितलाय."

"कीथ, मंगळवारी सकाळी आठ. नाहीतर मीच येते चाकू घेऊन."