गाडी तंजावरला, मी घरी

मला लिहिणं जेमतेम येतं. येतं तेवढं बायकोनं शिकवलं, तेही उतारवयात, परातीत तांदळाचं पीठ पसरून. चुका निघतील. ज्याला काढायच्या त्यानं काढाव्यात.

कुंभकोणात माझा विड्याच्या पानांचा धंदा. मळ्यातून टोपल्या येतात. शंभर पानांची एक कवळी बांधायची, रोज उलटवायची, सडकं पान उचलून टाकायचं. एक दिवस हात लावला नाही तर टोपली काळी पडते. बायको जेव्हा जेव्हा म्हणायची, "अहो, एकदा तंजावरला न्या," तेव्हा माझं उत्तर ठरलेलं. "पान थांबत नाही."

तिला तंजावरच्या मोठ्या देवळातली भिंत बघायची होती. आपल्या मराठी राजांची हकीकत तिथं मराठीत कोरलेली आहे. राज्य इंग्रजांनी खालसा केलं, भिंत तेवढी राहिली. तिला तिच्या बापानं अक्षरं शिकवली होती. म्हणायची, "मी वाचते, तुम्ही नुसते उभे राहून ऐका." तीस वर्षं म्हणाली. चार वर्षांमागे तापानं गेली. पान अजून येतंच आहे.

यंदा मुलाला रंगूनला कारकुनी मिळाली. पोंगल झाला की नागपट्टणमहून जहाज. बरोबर सून आणि नऊ वर्षांची नात. नातीला आजीनंच पिठात अक्षरं गिरवायला बसवलं होतं, नंतर मी कसंबसं पुढं रेटलं. रंगूनला गेल्यावर कोण गिरवून घेणार? मी ठरवलं, जायच्या आधी पोरीनं ती भिंत वाचायची.

बेत मीच केला. पहिला मुक्काम स्वामिमलै. तिथल्या साठ पायऱ्या म्हणजे साठ संवत्सरं. पोरीनं एकेका पायरीवर एकेक नाव म्हणायचं, चुकली तर खाली उतरून पुन्हा. मग तिरुवलंचुळीचा पांढरा गणपती. समुद्राच्या फेसाचा म्हणतात, त्याला पाण्याचा अभिषेक नाही. रात्री पापनाशमच्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, उतरायचं, दुसऱ्या दिवशी तंजावर. सून बाहेरचं शिजलेलं खात नाही, म्हणून टिकेल असा चिंचभात. गाडीवाला म्हणाला, "मालक, पोंगलच्या आधी न्या. माट्टुपोंगलला बैलांच्या मानेवर जू नाही ठेवणार मी. त्यांचाही सण आहे." दिवस ठरला.

मुलाच्या मनात दुसरंच होतं. एकदा जेवता जेवता म्हणाला, "अप्पा, आईचं श्राद्ध यंदा माझ्या हातून चुकणार. तै महिन्याच्या दहाव्या दिवशी आम्ही समुद्रात असू." आणि पुढं भाताला हात लावला नाही. माझ्याही डोक्यात तोच दिवस होता. ती गेली तो तै महिन्याचा, म्हणजे पोंगलपासून दहावा दिवस.

निघायच्या आदल्या दिवशी भटजी दुकानावर पान खायला आले.

"काय पानवाले, दर्भ-तीळ आणलेत ना? परवा तिथी."

"कुणाची?"

"तुमच्या कुटुंबाची! पौष वद्य षष्ठी."

"ती तर तै दहाला गेली."

"तै दहा तमिळ लोकांची. आपली तिथी चंद्रावर चालते, कधी आधी, कधी नंतर. दर वर्षी निरोप धाडतो तरी डोक्यात शिरत नाही. बाजारात बसून बसून पुरते तमिळ झालात की हो!"

खरं होतं. घरातल्या सगळ्या तिथ्या तिच्या डोक्यात असायच्या. मी पाटावर बसायचो आणि पानात वडे दिसले की समजायचो, आज कुणीतरी बाप-आजा जेवायला आला आहे.

आता परवा म्हणजे गाडी तंजावरला असायची तोच दिवस. मुलाला सांगितलं तर तो आनंदानं थांबेल. श्राद्ध त्याचा हक्क. पण मग पोंगल, मग जहाज. भिंत राहिली ती कायमची.

मी भटजींना विचारलं, "मुलगा गावात नसला तर नवऱ्यानं केलेलं चालतं?"

"चालतं. पण तुमचा मुलगा गावात आहे."

"परवा नसेल."

भटजींनी माझ्याकडे बघितलं. चुना लावायचा राहिलेलं पान तसंच तोंडात घातलं. "पाप तुमच्या डोक्यावर," म्हणाले आणि गेले.

मी जन्मभर तोंडावर बोलणारा माणूस. ही एक गोष्ट पोटात ठेवली.

सकाळी गाडी दाराशी. पोरगी केव्हाच चढून बसलेली. "आज्या, लवकर! बैल उभ्या उभ्या झोपतायत."

"मी येत नाही. पान आलंय."

मुलगा जू धरून उभा होता. "आईलाही जन्मभर हेच सांगत आलात," तो म्हणाला. "आता निदान दुसरं काहीतरी सांगा."

सुनेनं मान खाली घातली. उत्तर होतं, पण दिलं असतं तर गाडी हलली नसती. पोरीला एवढंच म्हणालो, "मोठ्यानं वाच. आजीला ऐकू जाईल एवढ्यानं."

"आजी बहिरी होती?"

"नाही. लांब आहे."

दुसऱ्या दिवशी भटजी आले, श्राद्ध झालं. पिंड परसात ठेवला. वाटलं, कावळा शिवणार नाही, मुलगा कुठे विचारेल. सांगायला शब्दही जुळवले होते. पण कावळा लगेच आला, मी तोंड उघडायच्या आत खाऊन गेला. भूक लागली असेल. मग मी एकटाच जेवायला बसलो. वडे करायला कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी गाडी परत आली. पोरगी धावत आत. "आज्या, वरचं काही दिसलंच नाही! मान दुखली. खालच्या ओळी वाचल्या. हा त्याचा मुलगा, तो त्याचा मुलगा, संपतच नाही. लोक जमले माझ्याभोवती. एक म्हातारी रडली, का ते कळलं नाही."

मुलगा दुकानात जाऊन आला. "टोपल्या रिकाम्या आहेत. पान आलं कुठं होतं?" म्हणाला. मग त्याची नजर कोनाड्यातल्या दर्भाच्या अंगठीवर गेली. "अप्पा, तिथी होती?"

"होती."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर थांबला असतास."

"थांबलोच असतो!"

त्या दिवशी तो जेवला नाही. विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या पंच्यानं परसात बसून राहिला. मी बोलवायला गेलो नाही. काय तोंडानं जाणार?

निघायच्या दिवशी वाकून नमस्कार केला, तेव्हा एवढंच म्हणाला, "तिकडं तिथी कोण सांगेल मला?"

"मी कळवीन. तीन महिने आधी."

पोरीनं चुलीतला कोळसा घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, हात पोचेल तिथं लिहिलं, पौष वद्य षष्ठी. "म्हणजे तुम्ही विसरणार नाही, आज्या."

चुन्याच्या भिंतीवर कोळसा टिकत नाही. मी दर महिन्याला गिरवतो. षष्ठीतला ष मला अजून नीट जमत नाही. रंगूनला तीन पत्रं गेली. उत्तर पोरीचं येतं, मुलाचं अजून नाही.