आधी बॉनेट उघड

हे लिहू की नको, यावरून बायकोशी दोनदा भांडण झालंय. ती म्हणते, लोक हसतील. हसू देत. अशा किश्शांना मी स्वतः आयुष्यभर हसत आलोय. वाशिंदजवळच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. करंट डोळ्यांना दिसत नाही, पण मीटर लावला की आकडा दाखवतो. जे मीटरवर येत नाही ते नसतं — एवढं साधं माझं गणित. भूत, चकवा, अंगात येणं... कुणी विषय काढला की मी उठून चहा टाकायला जातो. त्यामुळे जे घडलं त्याचं मला कौतुक वगैरे अजिबात नाही. वैताग आहे. आणि ज्याच्यामुळे वैताग आहे तो माणूसच आता नाही, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

माझ्याकडे एक जुनी पद्मिनी गाडी आहे. तिच्यामुळे मी 'जुनी चाकं' नावाच्या ऑनलाइन ग्रुपवर आलो. बेळगावपासून नाशिकपर्यंतचे, म्हाताऱ्या गाड्या पाळणारे सगळे खुळे तिथे आहेत. एकमेकांना खऱ्या नावाने फारसं कुणी ओळखत नाही. मी वाशिंदकर. आणि मुरबाड तालुक्यातल्या धसईचा एक जण होता, तो धसईकर. मुरबाडच्या एका कारखान्यात फिटर होता, मग नोकरी सोडून शेती बघायला लागला. त्याचं नाव गजानन होतं, हे मला तो गेल्यावर कळलं.

हा माणूस ग्रुपवरचा सगळ्यात जाणकार आणि सगळ्यात डोकं उठवणारा. कुणी काहीही विचारा — गाडी गरम होतेय, धूर सोडतेय, चढाला दम टाकतेय — याचं उत्तर ठरलेलं. "आधी बॉनेट उघड. नीट बघ. मग विचार." एकदा शहापूरच्या पुढे भर उन्हात माझी गाडी बंद पडली. याला फोन केला. चावी फिरवल्याचा आवाज ऐकूनच काय झालंय ते याला कळलं होतं, मी पैजेवर सांगतो. पण नाही. मला रस्त्यावर घाम गाळत सगळं इंजिन बघायला लावलं. शेवटी पेट्रोलचा पाइप सुटलेला मलाच दिसला. मी चिडलो, तर म्हणाला, "मी सांगितला असता तर उद्या इसरला असतास. बघितलास ना, आता नाय इसरनार."

असा माणूस. पण संध्याकाळी आठवणीने फोन करून 'पोचलास का' विचारणारा. रोज सकाळी त्याच्या पांढऱ्या पद्मिनीचा फोटो यायचा. कधी टपावर नाचणी वाळत घातलेली, कधी कोंबडी बसलेली. वाशिंदहून धसई काही लांब नाही. तरी आम्ही कधी भेटलो नाही. तो म्हणायचा, भात कापून झाला की ये. तोवर माझ्या कारखान्यात काहीतरी निघायचं. मग पुढचं भात.

यंदा पावसाळ्यात तो गेला. सकाळी गाडी घेऊन बाजारात जाऊन आला, गाडी पडवीत लावली, शेतावर गेला. तिथे छातीत कळ आली. मुरबाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेली चित्रं येत राहिली. मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. घरी बायकोने विचारलं, कोण गेलं? म्हटलं, मित्र. कुठे भेटायचात? कुठेच नाही. मला स्वतःचाच राग आला. रडतोय, आणि ज्याच्यासाठी रडतोय त्याचा चेहरासुद्धा नीट माहीत नाही.

मग एक दिवस त्याच्याच नंबरवरून ग्रुपवर मेसेज आला. त्याच्या बायकोने लिहिला होता.

"तुमच्यातला कोन रोज येतं आमच्याकडं? गाडीचा पुढचा झाकान उघडून जातं. मी घरात एकटी बाई मानूस. हा काय चावटपना हाय?"

झालं. शोक राहिला बाजूला, ग्रुपमध्ये मारामारीच सुरू झाली. बेळगाववाला म्हणाला, नाशिकवाल्याचा त्या कार्ब्युरेटरवर पहिल्यापासून डोळा होता. नाशिकवाला ग्रुप सोडून गेला. उरलेल्यांनी नकाशा बघितला आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली, कारण सगळ्यात जवळ मी. म्हटलं, आता मलाच जाऊन निस्तरायला हवं.

रविवारी माझी गाडी काढली. शहापूर, किन्हवली, सरळगाव करत धसईला पोचलो. बाजारात 'पांढरी पद्मिनी' म्हटल्यावर पोराटोरांनीही घर दाखवलं. पडवीत ती गाडी उभी होती, फोटोत बघायचो तशीच. बॉनेट सताड उघडं, आतल्या दांडीवर टेकवलेलं.

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. शेजारी मदतीला आलेला त्यांचा भाऊ मधुकर. मी कोण ते सांगितलं. वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"तुमी वाशिंदकर? रोज तुमच्याशी फोनवर भांडायचे ते?"

"हो."

"बसा. चा टाकते."

चहा पिताना सगळं कळलं. रोज संध्याकाळी बॉनेट बंद करायचं, सकाळी उघडं. गाडीला कुलूप. बॉनेटचा खटका गाडीच्या आत. किल्ली वहिनींच्या कमरेला. मी ताबडतोब सुपरवायझर झालो. सांगितलं, खटक्याची स्प्रिंग झिजते, बॉनेट आपोआप सुटतं, जुन्या गाड्यांत हे व्हायचंच.

"सुटंल," वहिनी म्हणाल्या. "पन दांडी कोन लावतं?"

यावर मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, इतकं ते फालतू होतं.

मग मधुकरने दुसरी गोष्ट सांगितली. गाव बोलायला लागलं होतं की गजाननचा जीव गाडीत अडकलाय. दुपारी गप्पा मारायला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. गॅरेजवाल्याला आणून दाखवलं तर त्याने दोनदा चावी फिरवली आणि इंजिन गेलं म्हणून सांगितलं. बंद गाडी कोण घेतो? भंगारवाल्याशी बोलणं झालं होतं. पुढच्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार आणि जागेवरच गाडी कापून नेणार. भात आता आठवड्या-दोन आठवड्यांत घरात येईल, तर पडवी मोकळी पाहिजे.

म्हटलं, वहिनी, थोडं थांबा, ग्रुपवर कुणीतरी घेईल.

"नको भाऊजी. मला ती दारात नको. रोज सकाळी कडी काढली का ती तशी दिसते, आन वाटतं हे पुढं वाकून उभे असतील. रोज वाटतं. किती दिवस काढू असं?"

डिकीतून बारीक तार काढली, बॉनेट बंद करून पक्कडीने चांगले पीळ देऊन बांधलं आणि म्हटलं, आता उघडलं तर मला सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोटो आला. बॉनेट दांडीवर. माझी तार एअर फिल्टरवर ठेवलेली — गोल गुंडाळून, टोक आत खोचून. तार तुटलेली नव्हती, सोडवलेली होती. आता हे मला सांगायचंच नव्हतं, पण धसईकर तार अशीच गुंडाळायचा. चार बोटांभोवती, टोक आत. त्याच्या प्रत्येक फोटोत तशी वेटोळी असायची आणि मी त्यावरून त्याला चिडवायचो. वहिनींना विचारलं, तर त्यांनी त्याची ही सवय कधी बघितलीही नव्हती.

ग्रुपवर सगळ्यांनी अकलेचे तारे तोडले. एक म्हणाला शांती करा, दुसरा म्हणाला कॅमेरा लावा. कॅमेरा लावा म्हणणाऱ्याचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. आठवडाभर मी कामावर सगळ्यांवर खेकसत होतो.

रविवारी पुन्हा धसईला गेलो. गाडी वाचवायला नाही, ते आता हातात नव्हतं. नुसतं शेवटचं बघायला, आणि जमलं तर आठवण म्हणून हॉर्न मागून घ्यायला. टेम्पो आधीच येऊन उभा होता. भंगारवाला गॅस कटरचा सिलिंडर उतरवत होता. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. आणि गाडीचं बॉनेट... उघडं. दांडीवर.

का कोण जाणे, माझं टाळकंच सरकलं. आयुष्यभर छळलं, आता मेल्यावरसुद्धा? मी त्या गाडीसमोर उभा राहून मोठ्याने बोललो, "अरे काय पाहिजे तुला? एकदा तरी सरळ सांग ना बाबा."

भंगारवाला हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिला. आणि मला एकदम धसईकराचं ते ठरलेलं उत्तर आठवलं. शहापूरच्या उन्हातलं.

इतके दिवस आम्ही सगळे काय करत होतो? बॉनेट बंद. वहिनींनी केलं, मधुकरने केलं, मी तर तारेने बांधलं. उघडं कोण करतंय यावर भांडणं झाली. उघड्या बॉनेटच्या आत कुणी बघितलंच नव्हतं.

मी वाकलो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या दोन्ही क्लिपा सुट्या लोंबत होत्या. टोपी उचलली. आत रोटर नव्हता.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो फिरतो तेव्हा प्रत्येक प्लगला करंट पोचतो. तो नसेल तर चावी किती फिरवा, गाडी सुरू होणार नाही. जुन्या गाड्या दोन वायरी जोडल्या की चावीशिवायही सुरू होतात, म्हणून चोरीच्या भीतीने आमच्यातले बरेच जण गाडी लावली की रोटर काढून खिशात टाकतात. धसईकर तर नेहमीच.

"वहिनी, दवाखान्यातून त्यांचे जे कपडे मिळाले, त्या कपड्यांच्या खिशात काय होतं?"

त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात डबे वाजले. बाहेर आल्या तेव्हा तळहातावर रोटर होता.

"ह्यो? शर्टात होता. मला वाटला मिक्सरचा हाय. मी लावून पन बघितला, बसंना."

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम, आणि दोन्हींचा रागही आला. रोटर पुसला, बसवला, टोपी लावली. गाडीची बॅटरी उतरली होती, म्हणून माझ्या गाडीला वायर जोडली. चोक ओढून चावी फिरवली. एकदा खोकली, दुसऱ्यांदा धरली, आणि पडवीभर धूर करून ती पांढरी म्हातारी चालू झाली. काय तो आवाज! इतकं गोड इंजिन मी आजवर ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळाने मी बंद करायला हात घातला.

"नका बंद करू," वहिनी म्हणाल्या. "चालू राहू दे जरा."

त्या येऊन पुढच्या सीटवर डावीकडे बसल्या. पदर तोंडाला लावला. मग खिडकीतून म्हणाल्या, "मधू, त्या टेम्पोवाल्याला चा पाज आन लावून दे."

"आन भात गो?"

"भात ओटीवर ठेवू."

बॉनेट मी माझ्या हाताने पाडलं. ते परत कधी उघडलं नाही. मधुकर आता आठवड्यातून एकदा गाडी बाजारापर्यंत नेतो, वहिनी शेजारी बसतात, आणि ग्रुपवर फोटो टाकतात. नाशिकवालाही परत आला.

मी सगळ्या शक्यता तपासल्या. गावातल्या कुणाकडे दुसरी किल्ली? मधुकर? पण त्याला तर गाडी कापायची होती. वहिनी झोपेत चालतात का, हेही विचारलं, त्यावर त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. खरं सांगतो, मला काहीही कळलेलं नाही. मीटरवर आकडाच येत नाही.

इथे संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण त्यानंतर महिन्याभराने, इकडे वाशिंदला, एका सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीचं बॉनेट उघडं. दांडीवर. गाडीला कुलूप. आधी वॉचमनवर ओरडून घेतलं. मग वाकून बघितलं. रोटर, प्लग, कॉइल, पाइप, बेल्ट, सगळं ठीक. दोन दिवसांनी परत उघडं. मग रोजच व्हायला लागलं. काय राहिलंय ते हा सांगत नाही. जिवंतपणी सांगितलं नाही, आता काय सांगणार? कामावर निघताना, इस्त्रीच्या शर्टात, मी रोज इंजिनात डोकं घालतो, हात काळे करून वर येतो, बायकोची बोलणी खातो.

परवा खाली आलो तर बॉनेट बंद होतं. त्याच्या आदल्या दिवशीही बंदच होतं. त्याच्याही आदल्या दिवशी. डबा हातात घेऊन मी तिथे उभा राहिलो. कारखान्याची बस हॉर्न देऊन निघून गेली. मग मी किल्ली काढली, दार उघडलं, आतला खटका ओढला, बॉनेट वर करून दांडीवर लावलं, आणि वाकून नीट बघत राहिलो.