अँटेनाचा दांडा

सप्तापुरातले आमचे गाण्याचे मास्तर गुरूंचं नाव घेताना कानाची पाळी धरायचे, अगदी सायकल चालवतानासुद्धा. त्यांच्या शिष्येचा टीव्हीवर पहिलाच खास कार्यक्रम होता. समोर बसवेना म्हणून ते आमच्या गच्चीवर अँटेनाचा दांडा घट्ट धरून उभे राहिले. हात जरा सैल पडला की खाली पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"बंता? आलं का?" ते वरून एकदा कानडीत, एकदा मराठीत सारखे विचारत. त्यांना ऐकू जावं म्हणून आम्ही आवाज मोठा ठेवला होता.

निवेदिकेनं विचारलं, "ही गायकी कुणाची?"

शिष्येनं मास्तरांच्या गुरूंचं नाव घेतलं, आणि चित्रच गेलं.

मास्तर धावत खाली आले. हात अजून कानावरच होता.

"तिनं कान धरला का हो?"

आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं.